पडताळणीचा रकाना

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी बत्तीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली. श्रीपादच्या सहीशिवाय एक ड्रम गेटबाहेर जात नाही, असं तिथले लोक म्हणायचे. माझ्या पाठीमागे आणखीही बरंच काही म्हणायचे. ‘खडूस’ हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही म्हणणार, हा कसला डोंबलाचा क्वालिटीवाला.

माझी बायको कुंदा उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. २०११च्या डिसेंबरात आम्ही दापोलीकडच्या एका खाडीवर चार दिवस राहायला गेलो. मी मासे खाऊन परत आलो आणि ती डॉल्फिन घेऊन परत आली. डोक्यात घेऊन, म्हणजे. तिथे प्रमोद नावाचा एक बोटवाला होता, त्याला तिने जुना कॅमेरा दिला आणि फोटो कसे काढायचे ते शिकवलं. तेव्हापासून पावसाळा सोडून दर महिन्याला ती तिकडे जायची, नाही जमलं तर प्रमोद फोटो पाठवायचा. बदलापुरात, समुद्रापासून इतक्या लांब बसून, माझी बायको डॉल्फिन मोजत होती. सोसायटीत लोक विचारायचे, “वहिनी कुठे जातात हो दर महिन्याला?” मी म्हणायचो, “माहेरी.”

मोजायची रीत अशी. डॉल्फिन श्वास घ्यायला वर आला की त्याच्या पाठीवरचा पर दिसतो. त्या पराच्या मागच्या कडेला खाचा असतात, कुठे जाळ्याने कापलेल्या, कुठे भांडणात चावलेल्या. प्रत्येकाच्या खाचा वेगळ्या. त्यावरून हा कोण ते ओळखायचं आणि त्याला नंबर द्यायचा. नाव द्यायचं नाही. “नाव दिलं की माया लागते,” कुंदा म्हणायची, “आणि माया लागली की मोजणी बिघडते.”

दुसरा नियम पडताळणीचा. एकाने फोटो जुळवले की दुसऱ्याने तेच फोटो, पहिल्याचं उत्तर न बघता, पुन्हा जुळवायचे. दोघांचं एक आलं तरच वहीत नोंद पक्की. वहीत त्यासाठी शेवटचा रकाना होता, ‘पडताळणी’ असा. घरात दुसरा माणूस मीच. रविवारी सकाळी ती वही आणि फोटो माझ्यासमोर ठेवायची आणि पोहे करायला आत जायची. पोहे येईपर्यंत माझ्या सगळ्या सह्या झालेल्या असायच्या. फोटो मी उघडायचो नाही. पेपर वाचायचो. बायको कॉलेजात शिकवते, रात्रंदिवस त्याच परांवर मान घालून बसते, तिचं चुकणार आहे थोडंच? आणि नवऱ्याने बायकोचं काम तपासायचं म्हणजे काय, मला ते बरं दिसत नसे. कंपनीत माझ्या हाताखालचा पोरगा असा सह्या करताना सापडला असता तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

पहिल्या वर्षाचा आकडा आला चौतीस.

२०१९च्या पुरात उल्हास नदी आमच्या तळमजल्याच्या घरात शिरली. कॉम्प्युटर गेला, फोटोंची हार्ड डिस्क गेली, फ्रीज तरंगत दारापर्यंत आला. वही माळ्यावर होती म्हणून वाचली. आठ वर्षांचे फोटो चिखलात गेले, तरी कुंदा रडली नाही. म्हणाली, “वही आहे ना. नोंदी पडताळलेल्या आहेत. काही बिघडत नाही.” मग आम्ही तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि तिने प्रमोदच्या नव्या फोटोंवरून यादी पुन्हा उभी केली.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय, आणि तोही आज नाही, चार-पाच वर्षांपासून. तिला कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. माझा चेहरा बघायचा तर ती माझ्या कानाकडे बघते. घरी आल्यावर तिने वही मांडीवर घेतली. मग म्हणाली, “अहो, तुम्ही शिका. मी सांगते तसं करा. यादी थांबायला नको.”

साठी उलटल्यावर शिकवणी लागली ती बारवी धरणावर. आमच्याजवळचं मोठं पाणी तेच. तिथल्या एका पाड्यावरच्या हिरामणची लहानशी होडी होती. तो पाण्यात थर्माकोलचे डबे सोडून यायचा आणि मी काठावरून अंतर सांगायचं. मी म्हणालो, दोनशे मीटर. कुंदाच्या हातातलं मोजायचं यंत्र मी वाचलं, नव्वद.

“सायेब, तुमच्या हिशोबानं माजा पाडा मुरबाडला जाल,” हिरामण म्हणाला.

“तू डबे सोड,” मी म्हणालो.

“सोरतू. पन या पान्यात मासा बी धड गावत नाय, न तुमी डॉलफीन सोदताव.”

कुंदा खो-खो हसली. डोळ्यांचं कळल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून मी पुढचे सहा महिने दर शनिवारी मुकाट्याने बारवीला गेलो. डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची, दहा मिनिटं, मग विश्रांती. लाटा किती, ऊन कुठून, सगळं लिहायचं. काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं. एकदा मी कंटाळून रकाना मोकळा सोडला तेव्हा तिने कॉलेजातल्या आवाजात झापलं. “शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं. रिकामं म्हणजे बघितलंच नाही. दोन्ही एक नव्हे.” हिरामणसमोर झापलं म्हणून मला राग आला होता. राग आला की मी गाडी जोरात चालवतो. त्या दिवशी मुळगाव आल्यावर ती म्हणाली, “हळू चालवा, मला फक्त कडेची झाडं दिसतात आणि ती फार पळताहेत.”

घरी परत आलो की फोटो. मी स्क्रीनवर पर मोठा करायचो आणि वाचून दाखवायचो. टोकाखाली दोन खाचा, खालची खोल. ती डोळे मिटून आठवायची. मला एक गोष्ट कधी जमली नाही. डॉल्फिन डावीकडून दिसला तर खाचा एका बाजूला, उजवीकडून दिसला तर चित्र उलटं होतं, आरशातल्यासारखं. ते डोक्यातल्या डोक्यात फिरवून बघायचं असतं. माझं डोकं फिरायचं, चित्र फिरायचं नाही. मग मी डाव्याला डावं आणि उजव्याला उजवं असंच लावून बघायचो. नाही जुळलं की म्हणायचो, “नवा दिसतोय.”

“नवा?” तिचा चेहरा उजळायचा. “बघा, येताहेत.”

तो चेहरा बघितल्यावर, अगं मला उलटं चित्र जमत नाही, हे सांगायचं राहून जायचं. तसे जुने नंबरही गळत होते. दोन वर्षं दिसला नाही की नंबर कमी. सहा गेले, सात आले. पाच गेले, तीन आले. गेल्या मेचा आकडा एकतीस. चौदा वर्षांत चौतिसाचे एकतीस, म्हणजे खाडी टिकून आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. पडताळणीच्या सह्या अजून माझ्याच होत्या. आता जुळवणाराही मी आणि तपासणाराही मी. ते तिच्या लक्षात आलं होतं, पण ती म्हणायची, “तुम्ही क्वालिटीतले. तुम्ही स्वतःलाही सोडणार नाही.”

या वर्षी खाडीच्या तोंडाशी गाळ उपसून मोठी जेटी बांधायचं ठरलं. विद्यापीठात संशोधन करणारी चैत्राली नावाची मुलगी त्याच्या सुनावणीत डॉल्फिनच्या बाजूने बोलणार होती. त्या खाडीची इतकी जुनी नोंद दुसऱ्या कुणाकडे नव्हती. कुंदाची वही तिने मागितली. रविवारी दुपारी ती बदलापूरला येऊन वही घेऊन जाणार, असं ठरलं. कुंदा आठवडाभर त्याच तंद्रीत होती. तिच्या आयुष्याचं काम कुणीतरी हातात घेऊन उभं राहणार होतं.

मला वाटलं, वही जाणार, हिच्या हातात काय राहणार? फोटो तर तिला दिसत नाहीत. म्हणून मी एक गोष्ट केली. आयुष्यात मी बायकोला स्वतःहून दिलेल्या भेटी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातली ही शेवटची असावी.

एकतीस डॉल्फिनांचे पर मी फोटोवरून कागदावर छापून घेतले, सगळे एका उंचीचे, वीतभर. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये नेमप्लेटा कापणारा एक सिंधी दुकानदार आहे. त्याच्याकडून ते ॲक्रिलिकमध्ये कापून घ्यायचे, म्हणजे कुंदाला बोटांनी खाचा वाचता येतील. दुकानदाराने कागद उलटेसुलटे करून बघितले.

“साईं, ये है क्या? किसका कान है?”

“डॉल्फिन की पीठ का है. तुम काटो.”

दोन दिवसांनी घ्यायला गेलो तर काउंटरवर त्याने ढीग मांडला होता. “गिन लो, इकतीस. लेकिन साईं, इसमें कुछ पीस डबल लगता है. पलटाओ तो सेम टू सेम.”

“ये डॉल्फिन है, नेमप्लेट नहीं,” मी म्हणालो. “तुम्हारे यहाँ सब डुप्लिकेट बनता है, इसलिए तुमको सब डबल दिखता है.”

तो हसला, पिशवीत भरून दिले. बाजारातून बाहेर पडताना मला वाटलं, काय झणझणीत उत्तर दिलं. मी इतका मूर्ख होतो.

रविवारी सकाळी मी तो डबा कुंदासमोर ठेवला. प्रत्येक तुकड्याच्या बुडाशी नंबर कोरलेला. तिने पहिला उचलला, बोट कडेवरून फिरवलं आणि थांबली. “हा चार,” म्हणाली. “अहो, हा चार आहे.” आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी खुर्चीत ताठ बसलो. मला वाटलं, श्रीपादराव, संसारात एक गोष्ट तरी धड केलीत.

ती एकेक उचलत होती. नऊ. बारा. सव्वीस. मग तिने सव्वीस परत उचलला. नऊ शोधून दुसऱ्या हातात घेतला. नऊ उलटा केला आणि सव्वीसवर ठेवला. दोन्हींच्या कडेवरून मिळून अंगठा फिरवला.

“काय झालं?” मी विचारलं.

तिने ते दोन्ही तसेच एकावर एक बाजूला ठेवले. फोटोला एकच बाजू असते. तुकड्याला दोन असतात. दुकानदाराला जे काउंटरवर उभ्या-उभ्या दिसलं ते मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं, आणि त्याआधीची चार-पाच वर्षं, डोळे अधू होत चालले असताना, तिलाही दिसलं नव्हतं. तिने बारा घेतला, उलटा केला. एकोणतीस. थोडं उन्नीस-बीस, फोटोच्या कोनाचं, पण खाचा त्याच. आता ती घाईने करत नव्हती. बाईमाणूस तांदूळ निवडतं तशी शांतपणे एकेक जोडी बाजूला ठेवत गेली. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आमच्यापैकी कुणी उठलं नाही. वासावरून कळलं की डाळ लागली.

शेवटी चौदा जोड्या झाल्या आणि तीन तुकडे एकटे उरले.

“सतरा,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “कुंदा, प्लास्टिकचं कटिंग आहे ते, त्याच्यावर काय—”

“सतरा आहेत हो. नवे कुणी आलेच नाहीत. जुनेच दुसऱ्या बाजूने येत होते.” मग बराच वेळ ती खिडकीच्या कडेला बघत राहिली. मला वाटलं, आता ही कोसळणार. पण ती ताठ झाली. “अहो, पण मग हे सांगायला हवं. चौतिसाचे सतरा. निम्मे गेले. जेटीवाले काय म्हणणार होते, तुमच्याच वहीप्रमाणे डॉल्फिनांना काही होत नाही. आता तसं म्हणता येणार नाही त्यांना. हे मोठं आहे. चैत्रालीला सांगते. माझं चुकलं ते सांगते, लाज कसली त्यात. पहिली आठ वर्षं पक्की आहेत, तेवढं पुरे.”

तिच्या आवाजात पुन्हा जीव आला होता. मी वहीकडे बघत होतो. पहिल्या आठ वर्षांचे फोटो पुरात गेले होते. पक्कं म्हणायला उरला होता तो फक्त शेवटचा रकाना, वरपासून खालपर्यंत माझ्या वळणदार सहीने भरलेला.

तिलाही त्याच वेळी ते आठवलं असावं. तिने वही माझ्याकडे सरकवली.

“पहिल्या वर्षाच्या नोंदी काढा. पडताळणीत सही कुणाची आहे?”

“माझी.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे.”

“फोटो बघून केलीत ना?”

बत्तीस वर्षांत मी कुणाकुणाला हा प्रश्न विचारला होता. समोरचा किती वेळ घेतो त्यावरून मला उत्तर कळायचं. मी वेळ घेतला नाही. “म्हणजे काय? बघूनच,” मी म्हणालो. खोटं अगदी सहज आलं. तिच्यासाठी बोललो, असं मी अजूनही स्वतःला सांगतो. त्या एका शब्दावर तिची आठ वर्षं टिकत होती, आणि कदाचित ते सतरा प्राणीसुद्धा.

“बरं,” कुंदा म्हणाली. पोहे हवेत का विचारावं इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं, “मग सात नंबर सांगा. पहिल्या वर्षीचा. आपण दर वेळी हसायचो ना त्याला. त्याचं काय होतं?”

मला सात नंबर माहीत नव्हता. कुणाला हसायचो? ती हसायची, एकटीच, स्वयंपाकघरातून ओरडून काहीतरी सांगायची, आणि मी पेपराआडून हुं म्हणायचो. “खाच,” मी म्हणालो. “टोकाजवळ. मोठी.”

“त्याला परच नव्हता, अहो. मुळापासून तुटलेला. नुसता उंचवटा होता. तो न ओळखणारा माणूस सापडणं कठीण.”

मी वही मिटली.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“पहिल्यापासून.”

“एकही नाही बघितला?”

“नाही.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी कंपनीत ओरडायचो, समोरच्याला सुटल्यासारखं वाटायचं. ती फक्त वहीवर हात ठेवून बसली. मी काय काय बोललो. तू चुकत नव्हतीस तेव्हा. चौतीस बरोबरच असणार. कुणाला कळणार आहे? हो म्हणून टाकू, चांगल्या कामासाठीच तर आहे. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला. हेच सगळं मला कंपनीत लोक ऐकवायचे, आणि मी त्यांचं पुरतं ऐकूनही घ्यायचो नाही.

“पेन घ्या,” ती म्हणाली. “पहिल्या पानावर लिहा. या वहीतल्या कोणत्याही नोंदीची दुसऱ्या माणसाने पडताळणी केलेली नाही.”

“कुंदा, तुझी चौदा वर्षं आहेत ही.”

“लिहा.”

मी लिहिलं. तिने वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचलं. ‘कोणत्याही’ राहिला होता, तो घालायला लावला. पुन्हा वाचलं.

“आता सही करा.”

मी ओळ तिसऱ्यांदा वाचली आणि सही केली. त्या वहीतली वाचून केलेली माझी ही एकच सही.

जळक्या डाळीचा कुकर मी सिंकमध्ये ठेवत होतो तेव्हा चैत्रालीचा फोन आला. कुंदाने स्पीकर चालू केला. मुलगी उत्साहात होती. “मॅडम, मी कल्याणला पोचले. एक तेवढं सांगा ना, सुनावणीच्या फॉर्मवर आकडा भरतेय. पूर्वी किती आणि आता किती?”

“आताचे सतरा असावेत. पण तू पुन्हा बघून घे.”

“सतरा? आणि पूर्वीचे?”

“तो रकाना रिकामा ठेव.”

“म्हणजे झिरो लिहू का, मॅडम?”

“नाही गं,” कुंदा म्हणाली. “झिरो नको लिहूस. झिरो लिहायला कुणीतरी बघितलेलं असावं लागतं.”

तिकडे मुलीचं लिहिणं थांबलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, “मॅडम, पूर्वीचा आकडाच नसेल तर कमी झाले असं म्हणता येणार नाही. ते म्हणतील, आधीपासून सतराच असतील.”

“हो,” कुंदा म्हणाली. “म्हणतील.”

फोन ठेवून तिने तुकडे डब्यात भरले, जोड्या तशाच एकावर एक. मग डबा माझ्याकडे द्यायला तिने हात पुढे केला, पण मी होतो त्याच्या बराच डावीकडे, तिथे कुणीच नव्हतं. मी तिकडे गेलो आणि डबा घेतला.